बांबूच्या मातृकुलाचा दाखला

ईडन प्रेरी, मिनेसोटा : कोकणातला शेतकरी ज्याला पिढ्यान्‌पिढ्या माणगा म्हणत आला, त्या बांबूची वनस्पतिशास्त्राच्या दप्तरातील नोंद मात्र आजवर एका जागी स्थिर राहिलेली नाही. विल्यम मन्रो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने, ज्याने पलटणीची नोकरी सांभाळून गवतांच्या अभ्यासात सर्वमान्य अधिकार मिळविला होता, १८६८ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत बांबूंवरील आपला प्रबंध प्रसिद्ध केला. त्यात या जातीला त्याने ऑक्सिटेनॅन्थेरा वंशात स्थान दिले, आणि मुंबई इलाख्याच्या वनखात्याचे काम पाहिलेल्या व १८५४ साली ऐन उमेदीत निधन पावलेल्या जॉन एलर्टन स्टॉक्स याचे नाव तिला जोडले. विसाव्या शतकाच्या अखेरीस तिची रवानगी स्यूडोऑक्सिटेनॅन्थेरा वंशात झाली. आणि २००४ साली दुसरा फेरफार होऊन ती डेंड्रोकॅलॅमस वंशात, म्हणजे विदर्भातल्या मानवेलाच्या भावकीत, दाखल झाली. बेट तेच, काठी तीच, कोयत्याखाली भरीव लागणारे पेरही तेच. आणि तरीही एकशेछत्तीस वर्षांत त्याच्या कुळाविषयी विद्वानांना तीनदा निवाडा द्यावा लागला.

हा विद्वानांचा उणेपणा नव्हे. वनस्पतींचे वर्गीकरण मुख्यत्वे फुलाच्या रचनेवर उभे आहे, आणि बांबू हा फुलाच्या बाबतीत अत्यंत कृपण आहे. कित्येक जातींना बीज रुजल्यापासून तीस, चाळीस किंवा अधिक वर्षांनी एकदाच फुलोरा येतो, बी धरते आणि सबंध बेट वाळून जाते. मिझोराममधील मावताम, ज्या वेळी मेलोकॅना बांबू सुमारे अठ्ठेचाळीस वर्षांच्या अंतराने एकदम फुलतो, त्याच्या बियांवर उंदीर माजतात आणि मग तेच उंदीर शेतांवर चालून जातात, १९५९ च्या सुमारास आला तेव्हा त्यातून दुष्काळ आणि दुष्काळातून राजकीय उठाव निर्माण झाला, हे इतिहासात नमूद आहे. अशा वनस्पतीच्या फुलाची वाट पाहत बसणाऱ्या अभ्यासकाच्या हाती उभ्या कारकिर्दीत एखादाच हंगाम लागायचा. उरलेल्या काळात पाने, कांड्यांवरील आवरणे आणि कोंबांवरील लव यांवरून अंदाज बांधणे एवढेच शक्य होते. आमच्या माणग्याची तर गोष्ट आणखी अवघड, कारण त्याची लागवड मुळी बियांपासून होत नाही. कंद काढून किंवा काठीचे तुकडे रुजवून तो एका परसातून दुसऱ्या परसात गेला, आणि त्याबरोबर त्याच्या कुळाची साक्ष देणारे फूल मागेच राहिले.

मी राहतो ते ईडन प्रेरी हे मिनियापोलिसच्या नैर्ऋत्येचे उपनगर. १८५२ साली येथे आलेल्या एलिझाबेथ एलेट या लेखिकेने येथील गवताळ माळाची शोभा पाहून त्याला हे नाव दिले असे सांगतात. येथील हिवाळा इतका दारुण की आपल्याकडच्या कोणत्याही बांबूचा येथे निभाव लागणे अशक्य. परंतु मोटारीने तीन तास दक्षिणेला गेले की आयोवातील एम्स हे गाव लागते, आणि तेथल्या विद्यापीठात लिन क्लार्क या विदुषींनी कित्येक दशके बांबूंच्या परस्परसंबंधांचा अभ्यास करून त्या विषयाचे एक जागतिक पीठच उभे केले आहे. अमेरिकेचे स्वतःचे म्हणावेत असे बांबू अगदी मोजके, आणि तेही आग्नेयेकडच्या राज्यांत. त्यांतला एक, ॲपॅलेशियन डोंगरांतला, शरद ऋतूत पाने गाळणारा, स्वतंत्र जाती म्हणून २००६ साली मान्य झाला तो क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या चिकाटीमुळे. अवघ्या मोजक्या जाती वाट्याला आलेल्या देशाने आपल्या बांबूंची वंशावळ इतक्या काळजीने लिहावी, आणि बांबूंच्या शंभरावर जाती अंगाखांद्यावर बाळगणाऱ्या देशाने, त्यातही सह्याद्रीसारखा खजिना जवळ असलेल्या आपल्या राज्याने, ते काम परक्या प्रयोगशाळांवर आणि योगायोगावर सोपवावे, ही गोष्ट मला सलते. आणि तेवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

फुलाची साक्ष मिळत नसेल तर पानाची घ्यावी, असा मार्ग आता खुला झाला आहे. पानाच्या हिरव्या पेशींत हरितलवके असतात. सूर्यप्रकाशापासून अन्न सिद्ध करणारे हे सूक्ष्म घटक एक अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी स्वतंत्र जीवाणू होते आणि दुसऱ्या एका पेशीत वस्तीला येऊन कायमचे तिचे झाले, असे शास्त्र आज निःशंकपणे सांगते. त्या स्वतंत्र आयुष्याची खूण म्हणून प्रत्येक हरितलवकाने आपला एक लहानसा जनुकसंच अजून जवळ बाळगला आहे. रेखाटताना तो वर्तुळाकार काढतात. त्यात एक मोठा आणि एक लहान खंड असून त्या दोहोंच्या मध्ये एकाच मजकुराच्या, परंतु उलटसुलट दिशांनी लिहिलेल्या, दोन प्रती असतात. बांबूंमध्ये या सबंध मजकुराची लांबी सुमारे १,३९,००० ते १,४०,००० अक्षरे भरते. पेशीच्या केंद्रकातील जनुकसंच, चीनमधील मोसो बांबूचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला मसुदा पाहिला तर, दोन अब्ज अक्षरांच्या घरात जातो. त्यापुढे हरितलवकाचा हा मजकूर म्हणजे छोटेखानी स्तोत्रच. पण एका पानात त्याच्या असंख्य प्रती असल्यामुळे तो वाचणे तुलनेने सोपे, आणि जुन्या वनस्पतिसंग्रहातील वाळक्या, पिवळ्या पडलेल्या पानातूनही तो बव्हंशी जुळविता येतो. तंबाखू आणि लिव्हरवर्ट यांचे हे संच १९८६ साली, भाताचा १९८९ साली वाचला गेला. आणि काष्ठमय बांबूंपैकी दोन जातींचे पूर्ण संच तैवानमधील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर या कामाला पूर आला आहे.

अक्षरे वाचली म्हणजे नाते कसे कळते, हे मराठी वाचकाला समजावून सांगण्यासाठी परदेशी दृष्टान्ताची गरज नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना जे केले तेच हे आहे. विष्णु सीताराम सुखटणकरांनी १९२५ साली ज्या कार्याचे सूत्र हाती घेतले आणि जे त्यांच्या निधनानंतर १९६६ साली पूर्णत्वास गेले, त्या कार्यात शारदा, नेवारी, देवनागरी, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम अशा लिप्यांतील शेकडो पोथ्या एकमेकींशी ताडून त्यांची कुळे लावली गेली. दोन पोथ्यांत मूळ पाठ तसाच टिकून असणे हे त्यांच्या जवळिकीचे प्रमाण होऊ शकत नाही, कारण मूळ पाठ कोणाही लेखकाच्या हातून टिकू शकतो. परंतु दोन पोथ्यांत एकच नवा प्रमाद, एकच प्रक्षेप, एकाच ठिकाणी आढळला, तर त्या दोघींच्या मागे एकच प्रत उभी आहे असे मानावे लागते. जनुकांच्या मजकुराचीही नक्कल पिढ्यान्‌पिढ्या होत असते, नकलेत क्वचित एखादे अक्षर चुकते, आणि ती चूक पुढच्या सर्व वंशजांत उतरते. अशा सामाईक चुकांच्या आधारे वंशवृक्ष उभा करायचा, ही पद्धत दोन्हीकडे अक्षरशः एक आहे.

आणि ज्या अडचणीने सुखटणकरांना सर्वाधिक छळले, तीच बांबूंच्या अभ्यासकांपुढेही उभी आहे. लेखकापुढे एकच पोथी असेल तर वंशवृक्ष सरळ वाढतो. पण त्याने दोन कुळांतल्या पोथ्या समोर ठेवून एकीचा पाठ दुसरीत मिसळला, तर फांद्या एकमेकींत गुंततात. हरितलवकांचा जनुकसंच गवतांमध्ये सामान्यतः आईकडूनच येतो. म्हणजे त्यात केवळ मातृकुलाचा दाखला आहे, पित्याच्या घराण्याची एक ओळ नाही. या दाखल्याप्रमाणे उष्ण कटिबंधातले काष्ठमय बांबू, आपले कळक आणि मानवेल ज्यांत येतात ते, समशीतोष्ण प्रदेशातल्या काष्ठमय बांबूंपेक्षा मध्य-दक्षिण अमेरिकेच्या जंगलांच्या तळाशी वाढणाऱ्या, हातभर उंचीच्या, गवतासारख्या बांबूंना अधिक जवळचे ठरतात. केंद्रकातील जनुकांना विचारावे तर ती सांगतात की सर्व काष्ठमय बांबू एकत्रच बसतात. दोन्ही साक्षी खऱ्या. फार प्राचीन काळी निरनिराळ्या पूर्वजांचा संकर होऊन, त्यांचे जनुकसंच एकावर एक रचले जाऊन, हे काष्ठमय बांबू उत्पन्न झाले, असा त्याचा उलगडा झाला आहे. समशीतोष्ण बांबूंत असे दोन पूर्वजसंच, तर आशिया-आफ्रिकेच्या उष्ण प्रदेशातील बांबूंत तीन एकत्र नांदत आहेत. इतक्या मिश्र घराण्याचा निवाडा केवळ मातृकुलाच्या दाखल्यावरून देणे म्हणजे अर्ध्या कागदपत्रांवर दाव्याचा हुकूमनामा लिहिणे होय. यासाठीच मला आवर्जून सांगावेसे वाटते की, हरितलवकांचा जनुकसंच वाचून एखाद्या बांबूचे नाते “सिद्ध झाले” असे जे वृत्तान्त अलीकडे वारंवार प्रसिद्ध होतात, ते वाचताना हा दाखला कोणाचा आहे आणि कोणाचा नाही हे विसरू नये. बांबूंची पिढी दीर्घ असल्यामुळे त्यांच्यात अक्षरे बदलण्याचा वेगही मंद. तेव्हा जवळच्या जातींमधले भेद थोडके असतात, आणि थोडक्या भेदांवर मोठा निष्कर्ष उभारण्याचा मोह विद्वानांनाही आवरत नाही.

मग या दाखल्याचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, आणि तो शास्त्राइतकाच व्यवहाराचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरविले. २७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेच्या हाती बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार आला. आणि २०१७ साली १९२७ च्या वन अधिनियमातील झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आल्यामुळे खासगी शेतात लावलेल्या बांबूवरचा वनखात्याचा जुना पहारा उठला. तेव्हापासून राज्यात लागवडीची लाट आली आहे. सरकार अनुदान देते, रोपवाटिका रोपे पुरवितात, शेतकरी आपली पडीक जमीन त्याखाली आणतो. हाताच्या बोटाएवढे ते रोप, दोन-चार अरुंद पाने असलेले, माणग्याचे आहे की मानवेलाचे की आणखी कशाचे, हे रोपवाटिकेतल्या माणसाच्या शब्दाखेरीज कशावरून ठरवायचे? फूल येईपर्यंत थांबावे तर एक पिढी उलटेल. चूक उघडकीस यायला पाच-सात वर्षे लागतात; तोवर अनुदान खर्ची पडलेले असते आणि काठी बाजारात उभी राहत नाही. हरितलवकांच्या मजकुरातली मोजकी अक्षरे तपासून अशा रोपाची जात, ती अगदी जवळच्या जातींपैकी नसेल तर, लवकर सांगता येईल. मात्र त्यासाठी ताडून पाहायला अस्सल प्रत हवी, आणि ती अस्सल प्रत आपल्याच बांबूंची, आपल्याच मुलखातून घेतलेली हवी.

येथे एक मर्यादा स्पष्ट केली पाहिजे. रोप कोणत्या जातीचे हे असा तपास सांगेल. ते ज्या बेटातून आले ते बेट कधी फुलणार, हे सांगणार नाही. कंदातून किंवा ऊतिसंवर्धनातून वाढविलेले रोप मूळ बेटाचे वय आपल्याबरोबर आणते, आणि मूळ बेट फुलायच्या बेतात असेल तर सबंध लागवड एकदम फुलून मरण्याचा धोका असतो. या विषयात आपल्याच पुण्याने एकदा जगाला चकित केले होते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, व्ही. ए. पराशरामी आणि ए. एफ. मस्करेन्हस यांनी काचेच्या भांड्यात, नारळाच्या पाण्याची भर घातलेल्या पोषकद्रव्यावर वाढविलेल्या बांबूच्या इवल्या रोपांना काही महिन्यांतच फुलोरा आणून दाखविला, आणि १९९० साली नेचर या नियतकालिकाने त्यांचा निबंध छापला. जी वनस्पती चाळीस वर्षे मौन पाळते तिला बोटाएवढी असतानाच बोलती करणारी ही विद्या आपल्या घरची होती. तिचा धागा पुढे नेऊन बेटांच्या वयाची आणि फुलोऱ्याची पद्धतशीर नोंदवही राज्यभर उभी राहावयास हवी होती. ती राहिली असती तर आजच्या लागवडीला केवढा आधार मिळाला असता!

नोंदवही म्हटली की ती कोण लिहिणार हा प्रश्न येतो, आणि येथे माझा आग्रह ग्रामसभांविषयी आहे. पूर्वी मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांबूंचा जो अभ्यास केला, त्यातली एक हकिगत प्रत्येक वनाधिकाऱ्याने ध्यानात ठेवावी अशी आहे. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. ते काढून टाकले म्हणजे बेट मोकळे होऊन कोंब जोमाने वाढतील, असा खात्याचा दंडक होता आणि त्याप्रमाणे साफसफाई होत असे. गावकरी सांगत की हे काटेच कोंबांचे रक्षण करतात; ते काढले की गुरे आणि रानातली जनावरे कोवळे कोंब खाऊन टाकतात. प्रत्यक्ष मोजदाद झाली तेव्हा गावकरी बरोबर ठरले. ज्यांनी बेटाजवळ आयुष्य काढले, सुपे, रोवळ्या आणि हारे विणणाऱ्या ज्या बुरुडांना काठी हातात घेताच तिचे वय कळते, त्यांना वगळून बांबूंची वंशावळ लिहू गेलो तर तिच्यात अक्षरे असतील आणि अर्थ नसेल.

आणि ज्यांचे बेट त्यांना आधी विचारण्याचा, म्हणजे संमतीचा, धडा तर मला या मिनेसोटानेच शिकविला. येथल्या सरोवरांत उगवणारा रानभात, ज्याला ओजिब्वे लोक मनोमिन म्हणतात आणि आपल्या धर्माचा व उपजीविकेचा आधार मानतात, तो आपल्या भाताचा सख्खा नातलग. आणि भात, बांबू व गहू यांच्या शाखा तृणकुलात एकाच बाजूला येत असल्यामुळे बांबूचाही आप्त. या रानभाताच्या जनुकांचा नकाशा करण्याचे काम येथील विद्यापीठात चालू असता ओजिब्वे जमातींच्या प्रमुखांनी १९९८ साली विद्यापीठाला पत्र लिहून आक्षेप घेतला; नकाशा तरीही २००० साली प्रसिद्ध झाला. पुढे कटुता इतकी वाढली की जनुकीय बदल केलेल्या रानभाताला परवानगी देण्यापूर्वी त्याच्या परिणामांची रीतसर छाननी बंधनकारक करणारा कायदा २००७ साली राज्याला करावा लागला, आणि २०१८ च्या अखेरीस व्हाइट अर्थ जमातीने मनोमिनचे स्वतःचे हक्क आपल्या कायद्यात नमूद केले. विद्यापीठाचे विज्ञान खोटे नव्हते. परंतु ज्यांच्या पाण्यातून ते धान्य आले त्यांना आधी विचारले गेले नव्हते, आणि नंतर कितीही खुलासे केले तरी ती खोट भरून निघाली नाही. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या निर्माण केल्या आहेत. बांबूच्या पानाचा तुकडा प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी त्या बेटाची नोंद त्या नोंदवहीत झाली पाहिजे, आणि ग्रामसभेचा ठराव मजकुराबरोबर कायमचा जोडलेला राहिला पाहिजे.

हे काम अवाढव्य नाही. सह्याद्रीत, कोकणात, गोव्याच्या सीमेवर आणि विदर्भाच्या वनांत निसर्गतः वाढणाऱ्या किंवा दीर्घकाळ रुजलेल्या बांबूंच्या जाती मोजक्याच आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्राचे महाविद्यालय आहे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात १९०६ साली स्थापन झालेला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आहे, जेथे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर ज्यांनी आयुष्य वेचले त्या फादर ब्लॅटर यांच्या परंपरेतले जुने नमुने जपलेले आहेत. या चार ठिकाणांनी एकत्र बसून प्रत्येक जातीची निरनिराळ्या तालुक्यांतली बेटे निवडावीत. प्रत्येक बेटाचा वाळविलेला नमुना, छायाचित्र, जागेचा दाखला आणि स्थानिक नाव यांसह संग्रहात दाखल करावा. त्याच पानातून हरितलवकांचा आणि केंद्रकातील निवडक जनुकांचा मजकूर वाचावा. आणि नमुन्याशिवाय आलेला कोणताही मजकूर दप्तरी घेऊ नये. ज्या मजकुरामागे हात लावून पाहता येईल असा नमुना नाही, तो चुकीच्या नावाखाली नोंदला गेला तर पुढच्या अभ्यासकाला तो दुरुस्त करण्याचा कोणताच मार्ग उरत नाही, आणि अशी नोंद शेकडो वंशवृक्षांत शिरून त्यांना वाकडे वळण लावते.

यातली पहिली रुजवात माणग्याची व्हावी. मालवण, कुडाळ, सावंतवाडी येथल्या परसांतली बेटे, गोव्यातली बेटे, आणि बेळगाव-कारवारकडची बेटे एकमेकांशी ताडली म्हणजे सर्वत्र एकाच मातृकुलाची प्रत हातोहात फिरली आहे की निरनिराळी कुळे एका नावाखाली नांदत आहेत, हे कळेल. एकच कुळ निघाले तर लागवड वाढविणाऱ्या खात्यांनी सावध व्हावे, कारण एकाच प्रतीवर विसंबलेल्या लागवडीला एखादा रोग किंवा एखादा फुलोरा पुरेसा असतो. अनेक निघाली तर ती कोणत्या गावांत आहेत याची यादी रोपवाटिकांच्या हाती पडली पाहिजे, आणि रोप विकताना त्याच्या पिशवीवर मूळ बेटाचे गाव लिहिण्याची सक्ती झाली पाहिजे.

शेवटची गोष्ट आम्हा परदेशस्थांविषयी. मिनेसोटातल्या मराठी कुटुंबांत संगणकावर प्रचंड माहिती हाताळण्यात मुरलेले लोक घरोघर आहेत, आणि जनुकांच्या लाखो तुकड्यांतून सलग मजकूर जुळविणे हे आज बरेचसे संगणकाचेच काम झाले आहे. दापोलीच्या किंवा चिचपल्लीच्या विद्यार्थ्याला ते शिकविणे, आठवड्यातल्या एका संध्याकाळी त्याच्या अडचणी सोडविणे, हे येथून सहज होण्यासारखे आहे. नमुने इकडे मागवून निबंध आपल्या नावावर छापणे मात्र आम्ही करू नये. मजकूर तिकडे वाचला जावा, निबंध तिकडच्या विद्यार्थ्याच्या नावे निघावा, आणि त्याचा मराठी सारांश ज्या गावातून पान आले त्या गावच्या ग्रामसभेत वाचून दाखविला जावा.